घर मिळते, पण कुत्र्यासह?

निवृत्तीचे वर्ष जवळ आले, की मुंबईच्या उपनगरातील मध्यमवर्गीय घरात एक विषय हमखास निघतो. मुलाचा संसार वाढलेला असतो, दोन खोल्यांत तीन पिढ्या मावेनाशा होतात, आणि राहते घर मुलाला सोडून आपण कुठेतरी शांत जागी जावे, असे आईवडिलांना वाटू लागते. खिडकीखाली रात्रभर वाहनांची वर्दळ असते. समोरची जुनी इमारत पाडून तेथे मनोरा उभारण्याचे काम चालू असते. मग वाई, भोर, कर्जत, डहाणू, चिपळूण अशी नावे बोलण्यात येतात. निवृत्तिवेतनात बसेल असे भाडे, सकाळी फिरण्याजोगा रस्ता आणि रात्रीची झोप, एवढीच अपेक्षा असते. जाहिरात पाहून दूरध्वनी केला जातो. भाडे जमते, अनामत जमते, घर पाहायला येण्याचा दिवसही ठरतो. एवढ्यात पलीकडून सहज विचारणा होते, “माणसं किती?” “आम्ही दोघंच. आणि एक कुत्रा आहे.” पलीकडे क्षणभर कोणी बोलत नाही. “मालकांना विचारून कळवतो,” असे उत्तर येते. आणि तो निरोप बहुधा कधीच येत नाही.

हा कुत्रा काही हौसेने मिरवायला आणलेला नसतो. दहा वर्षांपूर्वी शाळकरी मुलीने हट्ट करून रस्त्यावरचे पिल्लू घरी आणलेले असते. मुलगी लग्न होऊन गेली, कुत्रा मागे राहिला, आणि आईवडिलांबरोबर तोही म्हातारा झाला. त्याला मुलाच्या घरी ठेवावे, तर तेथे तान्हे मूल. बरोबर न्यावे, तर घर मिळत नाही. दोन जीवांच्या निवाऱ्याचा हिशेब पूर्ण जुळतो आणि तिसऱ्या जीवाच्या नावापाशी अडतो. शहर सोडून शांत ठिकाणी जाऊ पाहणाऱ्या किती तरी कुटुंबांची आज हीच अवस्था आहे.

कोंडी मधल्या माणसाची

हा प्रश्न सुखवस्तू लोकांच्या लाडाकोडाचा आहे, असे समजून तो झटकून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ज्याचा स्वतःचा बंगला आहे, त्याला कुत्रा पाळण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर वा गरीब वस्तीतल्या झोपडीच्या दाराशी जो कुत्रा निजतो, त्याचीही कोणी चौकशी करीत नाही. अनुज्ञा मागावी लागते ती मधल्या माणसाला: ज्याचे उत्पन्न बेताचे आहे, जो दुसऱ्याच्या छपराखाली राहतो आणि ज्याच्या घराभोवती कुंपण नसून शेजाऱ्याची भिंत आहे, त्याला. त्याच्यासमोर एकाच वेळी दोन दारे बंद असतात. एक भावाचे आणि दुसरे परवानगीचे. जेथे कुत्रा चालतो तेथील भाडे परवडत नाही. जेथील भाडे परवडते तेथे कुत्रा चालत नाही.

घर भाड्याने देणारा मनुष्य केवळ ऐपत पाहून भाडेकरू निवडतो, असे आपल्याकडे कधीच नव्हते. आडनाव, धर्म, मांसाहार, एकट्या स्त्रीचे येणेजाणे या सर्वांची चाळणी लावली जाते, हे उघड गुपित आहे. मागणारे अनेक आणि घरे थोडी असली, की निवडणाऱ्याचा हात वर राहतो. या चाळणीत कुत्र्याचे स्थान वेगळे आहे, ते एका कारणाने. जातीधर्मावरून घर नाकारणारा निदान सबब सांगतो. कुत्र्यावरून नाकारणाऱ्याला सबबही लागत नाही. तो जाहिरातीतच तसे छापतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

अर्थात घरमालकाची बाजू अगदीच खोटी आहे, असे नव्हे. अनेकदा तोही निवृत्त, मध्यमवर्गीय मनुष्यच असतो. आयुष्याची पुंजी घालून बांधलेल्या दोन खोल्यांच्या भाड्यावर त्याची औषधे चालतात. दारे ओरबाडली जातील, लादीला वास लागेल, जिन्यात एखाद्या मुलाला कुत्रा चावेल आणि शेजारी आपल्या दाराशी भांडायला येतील, ही त्याची भीती काल्पनिक नसते. भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवावरून गेली काही वर्षे देशभर जे वातावरण तापले आहे, त्याचीही त्यात भर पडते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील भटक्या कुत्र्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने आधी एक आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत तो बदलला. त्या वादात बाजू घेणाऱ्यांच्या मनात रस्त्यावरचे कुत्रे आणि घरातले, लस टोचलेले कुत्रे यांतील भेद पुष्कळदा पुसट झाला. भीती खरी असेल, तर तिचे निवारण करणारी व्यवस्था हवी. आज ती नाही. म्हणून भीतीचा एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे नकार.

कायदा कोणाच्या बाजूला?

कायदा या बाबतीत मुका आहे, असे म्हणता येणार नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक आहे. केंद्र शासनाच्या पशुकल्याण मंडळाने २०१५ साली गृहनिर्माण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट केले. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली याच दिशेने निर्णय दिला आणि रहिवासी संघांचे असे बंदीचे नियम बेकायदेशीर ठरविले. तो निर्णय महाराष्ट्रावर बंधनकारक नसला, तरी त्यातील युक्तिवाद अन्यत्रही वजन बाळगून आहे.

परंतु या साऱ्या संरक्षणाचा रोख प्रामुख्याने गृहनिर्माण संस्थेकडे आहे. घर ज्याच्या मालकीचे आहे, त्याला तेथे त्याचा आधार मिळतो. भाडेकरूचा खरा सामना संस्थेशी नसून घरमालकाशी असतो. महाराष्ट्रात आज बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या, म्हणजे अनुज्ञप्तीच्या कराराने दिली जातात, आणि तो करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूदही त्यात आहे. घर अडकून पडण्याची मालकाची जुनी धास्ती त्यामुळे कमी झाली, आणि ती कमी होणे गरजेचेही होते. मात्र दुसऱ्या बाजूचे फळ असे, की कुत्रा ठेवण्याचा हक्क कागदावर कितीही पक्का असला, तरी अकरा महिन्यांनी करार पुन्हा न करण्याला कारण द्यावे लागत नाही. वयाच्या साठीनंतर दर अकरा महिन्यांनी सामानाची बांधाबांध करणे ज्याला झेपत नाही, तो हक्क सांगत नाही. तो गप्प बसतो.

या मौनातून एक वाईट रीत पडली आहे. पुष्कळ भाडेकरू कुत्र्याविषयी आधी बोलतच नाहीत. सामान येते, आणि दोन दिवसांनी अंधार पडल्यावर कुत्रा येतो. काही मालक ‘बघू, त्रास झाला तर सांगू’ अशी तोंडी संमती देतात. ती शेजाऱ्याच्या पहिल्या तक्रारीबरोबर विरते. दोन्ही प्रकारांत लेखी काहीच नसते. जेथे लेखी काही नसते, तेथे दुबळ्या बाजूचे म्हणणे टिकत नाही.

इतर काही देशांनी हा पेच थोड्या शहाणपणाने सोडवला आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०२० पासून भाडेकरूने पाळीव प्राण्यासाठी लेखी संमती मागावी लागते. ती नाकारायची असेल, तर घरमालकाने चौदा दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे जावे. न गेल्यास संमती दिली असे धरले जाते. इंग्लंडने २०२५ साली केलेल्या भाडेकरूंच्या हक्कांच्या कायद्यात, अशी विनंती वाजवी कारणाशिवाय नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. दोन्हीकडे मालकाचा नकाराचा अधिकार संपलेला नाही. कारण सांगण्याची जबाबदारी मात्र त्याच्याकडे आली आहे. आपल्याकडे ती कोणाकडेच नाही.

शांततेचे दुसरे अंग

समजा, या सर्वांतून मार्ग निघाला आणि घर मिळाले. तरी शांत जागेची जी कल्पना शहरी माणसाच्या मनात असते, ती कुत्र्याच्या बाबतीत तपासून पाहणे इष्ट ठरते.

पहिली गोष्ट शांततेचीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली. मुंबईच्या हमरस्त्यावर ती केवळ कागदावर उरते, आणि त्या कोलाहलात एका कुत्र्याचे भुंकणे कोणाच्या कानी पडत नाही. वाईच्या एखाद्या गल्लीत वा कोकणातल्या वाडीत तेच भुंकणे चार घरे ओलांडून जाते. नवी जागा, नवे वास, रात्री कौलांवरून धावणारे मांजर, यांनी बिथरलेला शहरी कुत्रा पहिले पंधरा दिवस तरी भुंकतोच. ज्या शांततेसाठी हे कुटुंब इतक्या दूर आले, तिचा पहिला भंग त्यांच्याच दारातून होतो. आणि शेजारीही त्याच शांततेसाठी तेथे आलेला असला, म्हणजे भांडणाला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आणि उसाच्या पट्ट्यातील गावांत बिबट्या हा आता पाहुणा राहिलेला नाही. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांवरून त्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला होता. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या भक्ष्यात सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या वस्तीतील प्राण्यांचा, आणि त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा आढळला. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे आकडे सांगावे लागत नाहीत. सांजावल्यावर तो कुत्र्याला आत घेतो. शहरातून गेलेला मनुष्य मात्र अंगण मिळाले म्हणून हरखतो आणि कुत्रा रात्री मोकळा सोडतो. मोकळे अंगण हे भाड्याच्या जाहिरातीतील मोठे आकर्षण असते. कुत्र्यासाठी खरी गरज रात्री बंद करता येणाऱ्या पडवीची असते. घर पाहताना प्रश्न विचारायचा, तो अंगणाच्या मापाचा नव्हे, पडवीच्या दाराचा.

तिसरी गोष्ट वैद्यकीय मदतीची. राज्यात पशुवैद्यकीय दवाखान्यांचे जाळे ग्रामीण भागात पसरलेले आहे, ही समाधानाची बाब आहे. पण त्याची घडण गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या यांच्यासाठी झालेली आहे, आणि ते रास्तही आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाची तपासणी वा हाड मोडल्यावरची शस्त्रक्रिया यांसाठी बहुधा जिल्ह्याचे वा त्याहून मोठे शहर गाठावे लागते. कोकणातल्या पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची आणि गोचिडांपासून होणाऱ्या तापाची जोड असते. भाड्यात वाचलेले पैसे गाडीभाड्यात जाणार असतील, तर ते घर स्वस्त म्हणता येत नाही. प्रवासाचाही विचार करावा लागतो. रेल्वेने कुत्रा जवळ बसवून न्यायचा, तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे राखून घ्यावा लागतो; एरवी गार्डच्या डब्यातील पेटीत त्याची रवानगी होते. शयनयानात वा तीन स्तरांच्या वातानुकूलित डब्यात त्याला प्रवेश नाही. मुलीकडे चार दिवस जाऊन येणेही त्यामुळे बेत आखून करावे लागते.

भाड्याने मिळत नाही, तर लहानसा तुकडा विकत घेऊन दोन खोल्या बांधाव्यात, असा विचार मग बळावतो. येथे अधिक सावधपणा हवा. १९४८ च्या कूळकायद्यानुसार जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दोन-चार गुंठ्यांचे तुकडे ‘फार्म प्लॉट’ म्हणून विकणारे दलाल हे आवर्जून सांगत नाहीत. गावठाणातले जुने घर स्वस्त मिळते. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे. कुत्र्यासाठी घर घेताना घरच वादात सापडावे, ही दैवगती ओढवून घेण्याचे कारण नाही.

सोडून देण्याची किंमत

यांपैकी काहीच जमले नाही, तर काय होते? याचे उत्तर कोणालाही आवडणारे नाही. पण ते टाळण्यात अर्थ नाही. काही कुत्री नातेवाइकांकडे जातात. काही आधीच भरलेल्या आश्रयगृहांत जातात. आणि काही, गळ्यातला पट्टा काढून, एखाद्या महामार्गावरच्या ढाब्यापाशी वा देवळाच्या पायरीशी सोडली जातात. दहा वर्षे गादीवर झोपलेला कुत्रा रस्त्यावर फार दिवस तग धरीत नाही. त्याला अन्न शोधता येत नाही, आणि तेथल्या टोळीत त्याला जागा मिळत नाही.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. सहा दशके उलटली, चलनाची किंमत कोठल्या कोठे गेली, तरी हा आकडा बदललेला नाही. शहरात एक दिवस गाडी उभी करायलाही आज याहून अधिक पैसे पडतात. म्हणजे व्यवस्थेने एका बाजूला प्रामाणिक भाडेकरूला घर मिळणे अवघड केले आहे, आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा टाकून देणे जवळजवळ फुकट ठेवले आहे. सामान्य माणूस दुष्ट नसतो. पण सगळे उतार एकाच बाजूला असले, की तोही घसरतो.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो, तेव्हा त्याचे भाऊ आणि द्रौपदी वाटेत कोसळलेली असतात. सोबतीला उरलेला असतो एक कुत्रा. इंद्र त्याला सांगतो, की ज्यांच्यापाशी कुत्री आहेत, त्यांना येथे थारा नाही. त्याला सोड आणि आत ये. जो विश्वासाने पाठीशी आला त्याला टाकून मिळणारे सुख आपल्याला नको, असे युधिष्ठिर म्हणतो आणि दाराशीच उभा राहतो. ही कथा कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्र्यांना आपण रोज हात जोडतो. युधिष्ठिराची कसोटी घेणारा तो कुत्रा अखेर साक्षात धर्म ठरला आणि दार उघडले. आजच्या भाडेकरूच्या पाठीशी अशी देवकृपा नसते. त्याला पंधरा तारखेपर्यंत जुने घर रिकामे करायचे असते.

काय करता येईल?

उपाय फार मोठे नाहीत. अनुज्ञप्तीच्या कराराची ऑनलाइन नोंदणी राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे होते. त्या नमुन्यातच पाळीव प्राण्यांविषयीचे एक कलम असावे: प्राणी कोणता, लसीकरण कधी झाले, जेथे परवाना लागतो तेथे तो घेतला आहे काय, नासधूस झाल्यास भरपाई कशी व्हायची. नकार द्यायचा असेल, तर मालकाने तो कारणासह लिहावा. यासाठी वाढीव अनामत मागितली गेली, तर तिची मर्यादा ठरलेली असावी आणि घर सोडताना ती हिशेबासह परत मिळावी. एवढ्याने मालकाची भीती आणि भाडेकरूचे मौन या दोन्हींना उतार पडेल. प्राणी टाकून देण्याचा दंडही लाजेकाजेस्तव तरी वाढला पाहिजे.

कुत्रा पाळणाऱ्यांनाही आपली वही तपासावी लागेल. बिनसाखळीचा कुत्रा जिन्यातून सोडणे, त्याची घाण रस्त्यावर तशीच टाकून पुढे जाणे, त्याला दिवसभर घरात कोंडून बाहेर जाणे आणि शेजाऱ्याने हटकले की त्यालाच प्राणिद्वेष्टा ठरविणे, या सवयींनी पुढच्या दहा भाडेकरूंची दारे बंद केली आहेत. ज्याने एकदा वाईट अनुभव घेतला, तो घरमालक दुसऱ्यांदा युक्तिवाद ऐकत नाही. म्हणून घर शोधायला निघणाऱ्याने कुत्र्याचे नाव शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सांगावे. लसीकरणाची पुस्तिका आणि आधीच्या घरमालकाची चार ओळींची चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि जमल्यास करारापूर्वी कुत्र्यालाही एकदा ते घर दाखवावे. समोरासमोरच्या भेटीत जे दार उघडते, ते दूरध्वनीवर पुष्कळदा उघडत नाही.

शहरांनी माणसे बाहेर ढकलायला सुरुवात केली आहे. पुढील काळात लहान गावांकडे जाणाऱ्या वृद्धांची संख्या वाढतच जाईल, आणि त्यांपैकी अनेकांच्या पायाशी एक म्हातारा कुत्रा असेल. या वयात सोबत तुटणे म्हणजे काय, हे त्या वयात गेल्यावरच उमगते. ‘माणसं किती?’ या प्रश्नाला खरे उत्तर देऊनही घर मिळावे, इतकी साधी सोय हे प्रगत म्हणविणारे राज्य आपल्या वृद्धांसाठी करू शकत नसेल, तर त्यांना शांततेचा सल्ला देण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.